किल्ली कोणाच्या कनवटीला?

जुलैतला रविवार. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, शंभरी गाठलेल्या सार्वजनिक वाचनालयाच्या माडीवर कार्यकारी मंडळाची बैठक होती. बाहेर पावसाची झड, आत जिन्याच्या कठड्याला टांगलेल्या ओल्या छत्र्या. विषयपत्रिकेवर सहावा विषय होता 'संस्थेच्या नवीन वेबसाइटबाबत'. पहिले पाच विषय पाऊण तासात उरकले. या एकट्या विषयाला पावणेदोन तास लागले.

टेबलावर तीन कोटेशनं होती. एक पुण्याचं, वर्डप्रेसमध्ये करून देऊ म्हणणारं. दुसरं साताऱ्याचं, 'संपूर्ण कस्टम पीएचपी, कुणाचीही कॉपी नाही' अशी ग्वाही देणारं. तिसरं कोटेशन म्हणजे एका सभासदाच्या मुलानं बंगळुरूहून पाठवलेला ईमेल. त्याचं म्हणणं, कुणाला कशाला पैसे देता, महिन्याला ठरावीक रक्कम घेणाऱ्या तयार सेवेवर मी तासाभरात साइट उभी करून देतो. कार्यवाह निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी तिन्ही कागद माझ्यापुढे सरकवले आणि म्हणाले, "तुम्ही त्यातले आहात. यातलं चांगलं कुठलं, तेवढं सांगा."

मी पंधरा-सोळा वर्षं लोकांना वेबसाइट करून दिल्या, आता त्यांच्याविषयी लिहितो. हा प्रश्न मला पतसंस्थांनी विचारलाय, कॉलेजांनी, नाट्यमंडळांनी, दोन देवस्थानांनी आणि एका आंबा बागायतदारानं. मी दरवेळी आधी उलट प्रश्न टाकतो. इथंही टाकला. "आत्तापर्यंत किती वेबसाइट झाल्या?"

मंडळी एकमेकांकडे बघू लागली. शेवटी खजिनदारांनी बोटांवर मोजून सांगितलं, तीन.

पहिली 2003 च्या सुमारास. अमेरिकेत गेलेल्या एका जुन्या सभासदानं हौसेनं केलेली, फुकट जागा देणाऱ्या एका सेवेवर. ती सेवा बंद पडली, साइट गेली. दुसरी 2009 ची, एका पदाधिकाऱ्याच्या भाच्यानं इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून केलेली. भाचा नोकरीला लागला, साइटकडे बघायला कुणी उरलं नाही, आणि एके दिवशी वाचनालयाच्या मुखपृष्ठावर पौरुषवर्धक गोळ्यांच्या जाहिराती झळकल्या. तिसरी 2016 मध्ये, रीतसर पैसे मोजून, एकट्यानं धंदा करणाऱ्या एका माणसाकडून करून घेतली. त्यानं डोमेन स्वतःच्या नावावर घेतलं, होस्टिंग स्वतःच्या खात्यात ठेवलं. तीन वर्षांनी त्याचा फोन लागेनासा झाला. डोमेनची मुदत संपली. आज तो पत्ता टाकला तर ऑनलाइन रमीचं पान उघडतं. वाचनालयाच्या लेटरहेडवर तो पत्ता अजून छापलेला आहे, आणि पाचशे लेटरहेडं शिल्लक आहेत, असं खजिनदार म्हणाले.

तीन साइट, तीन मरणं. सॉफ्टवेअर वाईट निघालं म्हणून त्यातली एकही गेली नाही. भाच्याच्या वेळीसुद्धा सॉफ्टवेअर धडधाकट होतं, त्याला वेळच्या वेळी अपडेट देणारा माणूस नव्हता. म्हणून 'यातलं चांगलं कुठलं' या प्रश्नाचं उत्तर मी त्या दिवशी लगेच दिलं नाही.

ज्यांना हा सगळा व्यवहार परका आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पूर्वी वेबसाइटचं प्रत्येक पान हातानं लिहिलं जायचं; मजकूर आणि त्याची सजावट एकाच फायलीत, पिठात मीठ मिसळावं तशी. वाचनालयाचा फोन नंबर बदलला तर चाळीस पानं उघडून चाळीस ठिकाणी तो बदलावा लागे, आणि ते काम जाणकाराशिवाय होत नसे. सीएमएसनं ही दोन कामं वेगळी केली. मजकूर डेटाबेसच्या कोठीत, रंगरूप थीमच्या साच्यात. वाचकानं पत्ता टाकला की त्या क्षणी दोन्ही एकत्र येतात आणि पान तयार होतं. लिहिणाऱ्याला एक खिडकी मिळते: शीर्षक, मजकूर, फोटो, 'प्रकाशित करा'. मराठीत याला 'आशय व्यवस्थापन प्रणाली' असं भारदस्त नाव आहे. कुणाच्या तोंडून मात्र ते मी कधी ऐकलेलं नाही. सगळे सीएमएसच म्हणतात, मीही तेच म्हणणार.

सगळ्यांत बोलबाला वर्डप्रेसचा. जगातल्या एकूण वेबसाइटपैकी सुमारे 43 टक्के त्यावर चालतात. त्याचा जन्म कसा झाला ते इथं सांगण्यासारखं आहे, कारण वाचनालयाच्या दुखण्याशी त्याचं नातं आहे. 2001 मध्ये कॉर्सिका बेटावरच्या मिशेल वाल्द्रिगी नावाच्या तरुणानं 'बी2' हे छोटं सॉफ्टवेअर लिहिलं. पुढं तो दिसेनासा झाला. काम थांबलं, वापरणारे अडकले. आमच्या वाचनालयाच्या तिसऱ्या साइटवाल्यासारखंच. फरक एवढाच की बी2 जीपीएल या मुक्त परवान्याखाली होतं. जानेवारी 2003 मध्ये ह्यूस्टनच्या एकोणीस वर्षांच्या मॅट मुलनवेगनं जाहीरपणे लिहिलं की हे अनाथ सॉफ्टवेअर पुढं न्यायचा माझा विचार आहे. इंग्लंडातल्या स्टॉकपोर्टहून माइक लिटलनं त्याला कळवलं की मीही हात लावतो. 27 मे 2003 ला वर्डप्रेसची पहिली आवृत्ती आली. कर्ता निघून गेला तरी घर उभं राहिलं, कारण किल्ली दाराबाहेर टांगलेली होती.

पुढच्याच वर्षी उलटं उदाहरण घडलं. तेव्हा 'मूव्हेबल टाइप' हे बेन आणि मेना ट्रॉट या दांपत्याचं सॉफ्टवेअर जोरात होतं आणि वर्डप्रेसपेक्षा कितीतरी नावाजलेलं होतं. मे 2004 मध्ये त्याच्या नव्या आवृत्तीबरोबर परवान्याच्या अटी आणि दर बदलले. सॉफ्टवेअर होतं तसंच उत्तम राहिलं, पण लोक गठुडं बांधून वर्डप्रेसकडे निघाले. अटी बदलणं मालकाच्या हातात आहे, हे कळल्यावर भाडेकरूची झोप उडते ती उडतेच.

जूमलाचं नाव मंडळातल्या एका ज्येष्ठ सभासदांनी वर्तमानपत्रात वाचलं होतं. "हे जुमला काय प्रकरण आहे?" त्यांचा उच्चार तसा बरोबरच होता. 2005 च्या ऑगस्टमध्ये 'मॅम्बो' या सीएमएसचे कार्यकर्ते मूळ कंपनीशी न पटल्यानं बाहेर पडले आणि त्यांनी नव्या घराला स्वाहिलीतल्या 'जुमला' या शब्दावरून नाव दिलं: सगळे मिळून, एकूण. शब्द मूळचा अरबी. तोच फारसीच्या वाटेनं मराठीत आला आणि आपल्या जुन्या हिशेबांच्या कागदांत बेरजेच्या ओळीला 'जुमला' म्हणून बसला. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा आणि पेशवे दप्तरातला शब्द एकच निघतो, याची मला गंमत वाटते. सॉफ्टवेअरविषयी मात्र आता तेवढं उत्साहानं सांगता येत नाही. चांगलं आहे, जिवंत आहे, पण जूमला आणि ड्रुपल दोन्ही मिळून जगातल्या तीन टक्के साइटसुद्धा भरत नाहीत. तालुक्याच्या गावी जूमला जाणणारा माणूस शोधायला निघालात, तर पुण्यापर्यंत जाऊन हात हलवत परत याल.

ड्रुपलवर माझं प्रेम आहे, हे आधीच कबूल करतो. अँटवर्पमधल्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात द्रीस बॉयटार्टनं मित्रांच्या आपसातल्या निरोपांसाठी एक छोटी साइट लिहिली. वसतिगृह सुटल्यावर ती इंटरनेटवर ठेवायची म्हणून नाव शोधलं 'डॉर्प', डच भाषेत गाव. टाइप करताना चूक झाली आणि ते झालं 'ड्रॉप'. डचमध्ये थेंबाला 'ड्रुपल' म्हणतात, म्हणून जानेवारी 2001 मध्ये सॉफ्टवेअर बाहेर आलं ते ड्रुपल होऊन. गावावरून ठेवायचं नाव हुकलं, पण मराठीत ड्रुपलनं गावंच वसवली. मायबोली, मनोगत, मिसळपाव, ऐसी अक्षरे: या संकेतस्थळांवर ज्यांनी रात्री जागवल्या, त्यांना पत्त्यातला 'नोड' हा शब्द आणि पुढचा आकडा आठवत असेल. तो नोड म्हणजे ड्रुपलचा शिक्का. कोण लिहू शकतो, कोण संपादन करतो, कोण फक्त वाचतो, कुणाचा धागा उडवायचा, असले चावडीचे सगळे कायदे ड्रुपलमध्ये बारकाईनं लिहिता येतात. शेकडो लोक एकाच जागी लिहिणार असतील तर तेव्हा त्याच्या तोडीचं फुकटात दुसरं काही नव्हतं. मराठी टाइप करायची सोय मात्र आपल्याच लोकांनी जोडली. 'गमभन' मुळे साध्या इंग्रजी कीबोर्डवरून या साइटवर मराठी उमटू लागली.

पण ड्रुपल सांभाळायला माणूस लागतो, आणि तोही जाणकार. 2015 च्या नोव्हेंबरात आलेली आठवी आवृत्ती आतून इतकी बदललेली होती की सातवीवरून तिच्यावर जाणं म्हणजे घर रंगवणं नव्हे, पाडून बांधणं. असंख्य साइट सातवीवरच बसून राहिल्या. त्या सातव्या आवृत्तीचा आधार 5 जानेवारी 2025 ला संपला, जन्मदिवसापासून बरोबर चौदा वर्षांनी. मंडळातल्या एका तरुण डॉक्टरांनी "व्हाइट हाउसची साइट ड्रुपलवर होती म्हणे" असं सुचवून पाहिलं. होती, 2009 मध्ये ती ड्रुपलवर गेली आणि 2017 च्या डिसेंबरात वर्डप्रेसवर आली. व्हाइट हाउसला दोन्ही परवडतात. आपल्याकडे सव्वा माणूस आहे: एक लिपिक ताई, आणि सुट्टीत येणारा ग्रंथपालांचा मुलगा.

'कस्टम पीएचपी'वाले साताऱ्याचे गृहस्थ बैठकीला स्वतः आले होते. वागायला चांगले, काम स्वच्छ. त्यांनी आपलं पॅनेल दाखवलं. मी विचारलं, "उद्या तुम्ही कॅनडाला गेलात तर हे कोण दुरुस्त करणार?" ते हसून म्हणाले, "मी कुठे जातोय?" त्यावर खजिनदार खिडकीबाहेर बघत राहिले. माझं मत कडक आहे: एका माणसानं लिहिलेलं, दुसऱ्या कुणी न वाचलेलं सॉफ्टवेअर संस्थेनं घेऊ नये, माणूस कितीही भला असला तरी.

मग मी एक गोष्ट सुचवली, जी मला वीस-पंचवीस साइटची माती झाल्यावर सुचली आहे. ज्यांना रोज साइट चालवायची आहे त्यांना बोलवा, आणि तिन्हींवर एकेक सूचना टाकून बघा. कोटेशन मंडळ बघणार, पण बटण दाबणार ताई.

ताई बावीस वर्षं वाचनालयात आहेत. सूचनाफलकाचं सगळं लेखन त्यांचं. त्यांनी आदल्या दिवशीची सूचना काढली: 'शतकमहोत्सवी वर्षानिमित्त आयोजित ग्रंथप्रदर्शन'. ती संगणकावर होती, पण जुन्या फॉन्टमध्ये. इथं मराठी संस्थांचं खास दुखणं सुरू होतं. श्रीलिपी, आकृती, शिवाजी अशा फॉन्टच्या काळात प्रत्येकाची अक्षरांची बांधणी वेगळी होती. संगणकाला ते मराठी आहे हे ठाऊकच नसायचं, त्याच्या लेखी ती रोमन अक्षरंच, वर मराठी मुखवटा. ताईंनी मजकूर उचलून तिथं डकवला आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा भुगा सांडला. "बघा सर, म्हणूनच मी प्रिंट काढते, स्कॅन करते आणि पीडीएफ चढवते," त्या म्हणाल्या. महाराष्ट्रातल्या निम्म्या संस्थांच्या साइटवर सूचना म्हणजे तिरक्या स्कॅन केलेल्या पीडीएफ का असतात, त्याचं हे उत्तर. त्या ना शोधात सापडतात, ना अंध वाचकाला ऐकू येतात.

मग ताईंनी पदराला हात पुसले, स्वतःचा फोन काढला आणि कीबोर्डवरचं माइकचं चिन्ह दाबून सूचना चक्क बोलून दाखवली. युनिकोड मराठीत, दोन-तीन चुका सोडल्या तर जशीच्या तशी. व्हॉट्सअ‍ॅपवर त्या रोज हेच करतात. म्हणजे निवड करताना बघायला हवं ते एवढंच: फोनवरून, मराठीत, ताईंना जमतं का?

सातारकरांचं पॅनेल फोनवर उघडलं, पण अर्धं पडद्याबाहेर गेलं. वर्डप्रेसमध्ये सूचना सहा मिनिटांत चढली. 2018 च्या डिसेंबरात आलेल्या पाचव्या आवृत्तीपासून तिथं मजकूर ठोकळ्या-ठोकळ्यांनी रचायचा असतो. ताई त्या ठोकळ्यांत एकदा हरवल्या, मग सावरल्या. आणि खरं सांगायचं तर बंगळुरूच्या मुलानं सुचवलेल्या तयार सेवेवर ती दोन मिनिटांत चढली. ताईंना तीच आवडली. "हे सोपं आहे हो." मंडळानं माझ्याकडे पाहिलं.

मी मुलाला फोन लावायला सांगितलं आणि स्पीकरवर विचारलं, "पाच वर्षांनी ही साइट इथून उचलून दुसरीकडे न्यायची झाली, तर कशी न्यायची?" तो प्रामाणिक पोरगा. थोडा वेळ गप्प राहिला. "काका, कॉपी-पेस्ट करावं लागेल. एकेक पान."

अशा तयार सेवा वाईट नाहीत. एकट्या छायाचित्रकाराला, घरगुती लाडू-चिवड्याच्या व्यवसायाला, लग्नाच्या निमंत्रणाला त्या झकास. सुरक्षेची, अपडेटची कटकट त्यांची ते बघतात. पण तिथं आपण भाडेकरू असतो, आणि सामान नेताना भिंतीतली कपाटं सोडून जावी लागतात. जिओसिटीज आठवते? 1994 मध्ये सुरू झालेल्या त्या सेवेवर जगभरच्या हौशी लोकांनी लाखो पानं बांधली होती. 1999 मध्ये ती याहूनं विकत घेतली आणि ऑक्टोबर 2009 मध्ये बंद केली. जे वाचलं ते धडपड्या लोकांनी घाईघाईनं उतरवून ठेवलं म्हणून. वाचनालयाची पहिली साइटसुद्धा मला इंटरनेट आर्काइव्हच्या जुन्या पानांत सापडली; संस्थापकांचा फोटो गायब, मजकूर जुन्या फॉन्टमुळे भुगा, पण 'अंतिम सुधारणा' या ओळीखालची तारीख शाबूत.

वर्डप्रेसमधून सगळा मजकूर एका एक्सएमएल फायलीत बाहेर काढता येतो आणि डेटाबेस संपूर्ण उचलता येतो. उचलताना मराठीची परीक्षा होते, तीही सांगून ठेवतो. देवनागरीचं प्रत्येक अक्षर, प्रत्येक काना-मात्रा, यूटीएफ-8 मध्ये तीन बाइट खाते. डेटाबेस एका सांकेतिकीत आणि वाचणारा दुसरीत, असं झालं की त्या तीन बाइटची तीन वेगळी चिन्हं होतात: डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, शेजारी एक गोल चलनचिन्ह, मग आणखी काहीतरी. पानभर हे दिसलं तर घाबरू नका, मराठी आत जिवंत आहे, परत मिळते. पानभर प्रश्नचिन्हं दिसली तर मात्र बहुधा मजकूर गेला. जुना बॅकअप शोधा.

दुसरी गंमत पत्त्याची. वर्डप्रेस शीर्षकावरून पानाचा पत्ता बनवतं. देवनागरीचं एक चिन्ह पत्त्यात नऊ रोमन खुणांचं होतं आणि त्या भागाला जागा असते 200 खुणांची. म्हणजे बावीस चिन्हं संपली की कात्री. ताईंची सूचना चढली तेव्हा पत्ता झाला 'शतकमहोत्सवी-वर्षानिमित्' आणि तिथंच, पाय मोडलेल्या अवस्थेत, थांबला. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की तो टक्क्यांच्या चिन्हांचं जाळं दिसतो. उपाय साधा आहे: पत्ता हातानं छोटा लिहायचा किंवा शीर्षकाऐवजी नुसता क्रमांक लावायचा. मराठी विश्वकोशाच्या नोंदींचे पत्ते बघा, आकडेच आहेत.

आणि तिसरी, मराठीला नेहमी भेडसावणारी. 'साताऱ्याचा' या शब्दातला अर्धा र दोन रीतींनी टाइप होतो. एका रीतीत नुक्त्याचा ऱ वापरतात, दुसऱ्या रीतीत साध्या र नंतर एक अदृश्य जोडचिन्ह असतं. डोळ्याला दोन्ही सारखे; संगणकाला वेगळे. एका रीतीनं शोधलं तर दुसऱ्या रीतीनं लिहिलेलं सापडेलच याची खात्री नसते. संस्थेत जे कुणी टाइप करतात त्यांनी एक रीत ठरवून घ्यावी. हे कुठल्याही कोटेशनमध्ये लिहिलेलं नसतं.

तरुण डॉक्टरांचा पुढचा प्रश्न रास्त होता: "वर्डप्रेस हॅक फार होतं म्हणतात." होतं. इतक्या साइट त्यावर आहेत की चोर आधी तेच दार ठोठावतो. पण बहुतेक वेळा फुटतं ते मूळ सॉफ्टवेअर नव्हे, वर चिकटवलेलं एखादं प्लगइन. वर्डप्रेसच्या अधिकृत भांडारात साठ हजारांच्या आसपास प्लगइन आहेत, त्यांतली किती तरी त्यांच्या कर्त्यांनी वाऱ्यावर सोडलेली. ड्रुपलवाल्यांनीही फुशारकी मारू नये. ऑक्टोबर 2014 मध्ये त्यात एक भगदाड सापडलं तेव्हा त्यांच्याच सुरक्षा पथकानं जाहीर केलं की सात तासांत दुरुस्ती केली नसेल तर साइट फुटली असंच समजा. 2016 मध्ये पनामा पेपर्स बाहेर आले, 1 कोटी 15 लाख कागद. ते ज्या मोसॅक फोन्सेका कंपनीचे होते, तिची साइट जुनाट वर्डप्रेसवर, जुन्या स्लायडर प्लगइनसह चालत होती आणि गिऱ्हाइकांचं पोर्टल काही वर्षांपूर्वीच्या ड्रुपलवर. कागद नेमके तिथूनच गेले, हे सिद्ध झालेलं नाही. पण जगभरच्या श्रीमंतांची गुपितं सांभाळणाऱ्यांना अपडेटचं बटण दाबायला सवड नव्हती, हे खरं. आता लहान दुरुस्त्या वर्डप्रेस आपण होऊन करून घेतं. 2013 पासून ती सोय आहे. प्लगइन चार-पाचच ठेवा आणि जे वापरत नाही ते काढून टाका.

पुण्याच्या डेव्हलपरनं एक देखणं 'पेज बिल्डर' प्लगइन कोटेशनमध्ये धरलं होतं. ते मी काढायला लावलं. अशा काही प्लगइनांची खोड अशी की ती बंद केली की तुमचा मजकूर चौकटी कंसांच्या जंगलात अडकलेला सापडतो. मुक्त सॉफ्टवेअर घेऊनही आतून कुलूप लावून घेतल्यासारखं. तो थोडा कुरकुरला: "सर, मग डिझाइन साधं होईल." वाचनालयाला साधंच हवं होतं.

मुक्त सॉफ्टवेअरमध्ये किल्लीचं भांडण नसतं, असं कुणी समजू नये. सप्टेंबर 2024 मध्ये त्याच मुलनवेगचं आणि 'डब्ल्यूपी इंजिन' या होस्टिंग कंपनीचं व्यापारचिन्हावरून जाहीर वाजलं. वर्डप्रेस डॉट ऑर्ग हे भांडार त्याच्याच ताब्यात. तिथून त्या कंपनीची वाट अडवली गेली आणि तिच्या गिऱ्हाइकांना डॅशबोर्डवरून प्लगइन अपडेट मिळेनात. ऑक्टोबरात त्या कंपनीचं एक लोकप्रिय प्लगइनही भांडारात दुसऱ्या नावानं ताब्यात घेतलं गेलं. 10 डिसेंबरला कॅलिफोर्नियातल्या न्यायालयानं वाट मोकळी करायला सांगितलं. मला यात मुलनवेगचं वागणं पटलं नाही. पण त्या वादळातही कुणाची साइट बंद पडली नाही, कुणाचा मजकूर अडकला नाही, कारण तो ज्याच्या त्याच्या सर्व्हरवर होता. या एका कारणासाठी माझं मत अजून वर्डप्रेसकडे झुकतं.

कॉलेजांचं वेगळं. नॅकचं मूल्यांकन जवळ आलं की तिथं वर्षभराची साइट आठवड्यात भरली जाते, आणि सरकारी कचेऱ्यांना तर निवडच नसते. जिल्ह्यांच्या साइट केंद्र सरकारच्या एनआयसीच्या एकाच साच्यातून निघतात, म्हणून पुणे असो की गडचिरोली, तोंडवळा सारखा. त्याबद्दल तक्रार करणारे असतात. मी नाही, निदान त्या चालू तरी असतात.

मग कुणी काय घ्यावं? संस्था लहान, लिहिणारे एक-दोन, मजकूर वाढत जाणारा, तर वर्डप्रेस, कमीत कमी प्लगइनसह. लिहिणारे अनेक, अधिकारांच्या पायऱ्या अनेक, पगारी तंत्रज्ञ पदरी, तर ड्रुपल, डोळे झाकून. वर्षातून एकदा बदलणारी पाच पानं असतील, तर सीएमएस हवाच कशाला? ह्यूगोसारख्या साधनानं साधी पानं बनवून ठेवावीत. डेटाबेसच नाही, तर फुटणार काय? आणि पुस्तकांची यादी साइटवर हवी असेल, तर ते काम सीएमएसच्या गळ्यात बांधू नये. ग्रंथपालांनी तो प्रश्न विचारलाच. त्यासाठी 'कोहा' आहे, न्यूझीलंडच्या एका ग्रंथालयासाठी लिहिलेलं, जानेवारी 2000 मध्ये सुरू झालेलं, फुकट. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट.

शेवटी ठराव झाला. त्यात सॉफ्टवेअरचं नाव एका ओळीत आलं. बाकीच्या सात ओळी किल्लीच्या होत्या. डोमेन आणि होस्टिंग संस्थेच्या नावावर, पैसे संस्थेच्या खात्यातून. खात्याचा ईमेल संस्थेचा, कुणाचा खासगी नव्हे. ओटीपी येणारं सिमकार्ड संस्थेचं, आणि ते कपाटातल्या जुन्या फोनमध्ये. पासवर्ड सीलबंद पाकिटात, तिजोरीत, कार्यकारिणी बदलली की पाकीट बदलायचं. डेव्हलपरचं खातं वेगळं, काम संपलं की बंद. दर महिन्याच्या एक तारखेला बॅकअप उतरवून घ्यायचा. ती जबाबदारी ग्रंथपालांच्या मुलाची, मानधनासह. ज्येष्ठ सभासदांनी हे सगळं इतिवृत्तात शाईच्या पेननं लिहून काढलं.

ऑगस्टच्या अखेरीस साइट सुरू झाली. ग्रंथप्रदर्शनाची सूचना ताईंनी फोनवरून चढवली, छोट्या पत्त्यासह. जुनं डोमेन परत मिळालं नाही. लेटरहेडवरच्या पत्त्यावर त्या आता नव्या पत्त्याची चिकटपट्टी लावतात, एकेक करून.

तुम्ही कुठल्या संस्थेचे कार्यवाह, विश्वस्त, मुख्याध्यापक असाल, तर एक काम करा. कपाटातून डोमेनच्या नूतनीकरणाची शेवटची पावती काढा आणि ती कुणाच्या नावावर आहे ते बघा. पावती सापडली नाही, तर साइट ज्यानं करून दिली त्याला आजच फोन लावा.